फक्त वाचण्यापुरतं

प्रवासात शेजाऱ्याचं वर्तमानपत्र घेऊन वाचणं, याला आपल्याकडे 'मागणं' समजत नाहीत. मलकापूरला गाडीत चढलेला, कडक इस्त्रीचा, मनात आणलं तर दोन वर्तमानपत्रं विकत घेऊ शकेल असा गृहस्थ नांदुरा यायच्या आत समोरच्याला म्हणतो, "मधलं पान बघू जरा." समोरचाही निमूटपणे मधलं पान काढून देतो. मग पहिलं पान जातं, मग खेळाचं. जलंब येईपर्यंत मालकाच्या हातात फक्त छोट्या जाहिराती उरतात आणि तो त्या मन लावून वाचतो. कोणाचं काही बिघडत नाही. पण समजा, त्या गृहस्थाने खिशातलं पेन काढलं आणि शब्दकोडं सोडवायला घेतलं. उभे तीन, आडवे सात, अशी भराभर घरं भरली. तर? मालक शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनाला निघालेला का असेना, त्या क्षणी त्याच्या मनात जे विचार येतील ते घेऊन त्याला दर्शनाच्या रांगेत उभं राहता यायचं नाही. आणि गंमत अशी, की या मालकाने गेल्या दहा वर्षांत एकही शब्दकोडं सोडवलेलं नसतं. आजही तो सोडवणार नव्हताच. पण घरं त्याची होती.

तेव्हा, "घ्या हो, तुमचंच आहे" असं म्हणून आपण आपली वस्तू दुसऱ्यापुढे करतो, त्या वेळी आपण त्याला नेमकं काय देतो, हा प्रश्न मला अलीकडे छळतो आहे. तत्त्वज्ञांनी याकडे म्हणावं तितकं लक्ष दिलेलं दिसत नाही. सख्खा भाऊ आणि सामाईक शेती या दोन गोष्टी तत्त्वज्ञांच्या वाट्याला सहसा एकदम येत नसाव्यात.

बँकवाल्यांनी मात्र दिलं आहे. जोडखातं उघडायला आलेल्या माणसाला आम्ही पहिल्यांदा हेच विचारतो, की व्यवहार कोण करणार? 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' म्हणजे दोघांपैकी कोणीही सही करावी. 'जॉइंटली' म्हणजे दोघांनी मिळून करावी. हा प्रकार भांडलेल्या भागीदारांना आवडतो. आणि तिसरा एक आहे, 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर'. यात नाव दोघांचं, सही पहिल्याची, आणि दुसऱ्याने वाट बघायची. कशाची, ते फॉर्मवर सौम्य शब्दांत लिहिलेलं असतं. खामगावकडचे निवृत्त गुरुजी पत्नीला बरोबर घेऊन येतात आणि मोठ्या अभिमानाने सांगतात, "हिचंही नाव टाका, सगळं तिचंच तर आहे." आणि मग खुणेची जागा आली की या तिसऱ्या चौकोनात बरोबर करतात. बाई समाधानाने पासबुकातलं आपलं नाव वाचत बसतात. वाचायला बंदी नसतेच.

हे सगळं मी रोज बघत होतो आणि हसत होतो. मग आमच्या घरात संगणकांचं जोडखातं उघडलं.

आमचं घर दोन मजली. खाली दादा, वर आम्ही. बाबा गेल्याला चार वर्षं झाली. शेती सामाईक आहे. ती दादा बघतो आणि मी बँक बघतो. बाबांच्या हिशोबाच्या वह्या, सातबाऱ्याचे उतारे, फेरफार, विहिरीच्या कर्जाच्या पावत्या, हे सगळं दादाने त्याच्या मुलाकरवी स्कॅन करून आपल्या संगणकात 'सामाईक' नावाच्या एका फोल्डरमध्ये ठेवलं. त्यातच 'हिशोब' नावाची एक फाइल. सोयाबीन किती झालं, कापूस किती, मजुरी किती, कोणाच्या वाट्याला किती. घरात वाय-फायचं राउटर एकच आहे, जिन्याच्या मधल्या वळणावर, दोन्ही मजल्यांना सारखं दूर. तेव्हा वर बसून मला खालचं फोल्डर बघता यावं, एवढी साधी अपेक्षा होती.

अडचण अशी की दादाचा संगणक नवा, विंडोज ११ चा. माझा जुना. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची देखभाल थांबवली आणि माझ्या ठणठणीत संगणकाला अकरावीत प्रवेश नाकारला, कारण त्याच्यात टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप नव्हती. म्हणजे काम करायला हरकत नाही, पण दाखला नाही. पुतण्या शेगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आहे. तो म्हणाला, "काका, फेकू नका, लिनक्स टाकून देतो." त्याने लिनक्स मिंट टाकलं, फुकट, आणि माझा संगणक पेन्शनीतून उठून पुन्हा कामावर हजर झाला. पण आता एका घरात दोन पंथ झाले. खालचा विंडोज, वरचा लिनक्स. एकाचा पत्ता उलट्या तिरक्या रेघेने लिहायचा, दुसऱ्याचा सुलट. लिनक्सला इंग्रजीतलं लहान अक्षर आणि मोठं अक्षर म्हणजे दोन वेगळी नावं वाटतात. विंडोजला तेवढ्यावरून दोन फाइली वेगळ्या वाटत नाहीत. (देवनागरीत अक्षरांमध्ये लहान-मोठा हा भेदच नाही. तो आपण फक्त भावांमध्ये ठेवला.) लिनक्समध्ये फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह चालतं. विंडोजला चालत नाही. दादालाही चालत नाही.

अशा दोन यंत्रांनी एकमेकांशी बोलायचं कसं, याचा इतिहास पुतण्याने मला सांगितला, आणि तो मला मनापासून आवडला. एका संगणकाने दुसऱ्याकडे फाइल कशी मागायची, याची रीत आयबीएममधल्या बॅरी फायगेनबॉम या गृहस्थाने १९८३ च्या सुमारास बसवली. आधी तिला त्याने स्वतःच्या नावाची आद्याक्षरं दिली होती, मग नम्रपणा सुचला आणि तिचं नाव एसएमबी झालं. पुढे मायक्रोसॉफ्टने ती उचलली आणि विंडोजची मातृभाषा करून टाकली. बाकीच्या जगाला ती येत नव्हती. मग १९९१ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियात, कॅनबेराच्या विद्यापीठात पीएच.डी. करणारा अँड्र्यू ट्रिजेल नावाचा मुलगा तारेवरून जाणारं बोलणं ऐकत बसला. एक यंत्र काय विचारतं, दुसरं काय उत्तर देतं, हे टिपून घेत त्याने युनिक्सला ती रीत शिकवली. आपण हे कसं केलं ते त्याने पुढे फ्रान्समधल्या कॅफेचं उदाहरण देऊन सांगितलं आहे: फ्रेंच येत नसलेला माणूस कॅफेत बसतो, लोक वेटरला काय म्हणतात आणि वेटर काय आणून देतो ते बघतो, आणि तसंच म्हणून बघतो. इतक्या लांब कॅफेत जायची गरज नव्हती. आपल्याकडे प्रत्येक नवी सून पहिले सहा महिने हेच करत आलेली आहे. सासूबाई "अगं, ते" म्हणाल्या की चाळणी, आणि "अगं, ते आपलं" म्हणाल्या की पूड घालायची बरणी. याचा कोणी कधी लेखी तक्ता दिलेला नाही.

त्याच्या या कामाचं आधीचं नाव दुसऱ्या एका कंपनीच्या ट्रेडमार्कशी जुळत होतं, ते १९९४ मध्ये बदलावं लागलं. तेव्हा त्याने संगणकातल्या शब्दकोशात एस, एम आणि बी ही अक्षरं या क्रमाने येणारा शब्द शोधला आणि मिळाला 'साम्बा'. लिनक्सवाले आजतागायत विंडोजशी त्याच्याच जोरावर बोलतात. हे असं चोरून ऐकणं नीतीला धरून होतं का? मला विचाराल तर होतं. त्याने कोणाची तिजोरी ऐकून उघडली नाही, बोलायची रीत शिकला. पुढे युरोपात याच्यावरून मोठा खटला झाला. युरोपीय आयोगाने २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टला ४९ कोटी ७० लाख युरोंचा दंड केला आणि ही बोलीभाषा इतरांना लिहून द्या म्हणून सांगितलं. २००७ च्या सप्टेंबरात न्यायालयाने ते कायम केलं आणि त्या डिसेंबरात साम्बावाल्यांनी दहा हजार युरो भरून ते कागद मिळवले. सोळा वर्षं ऐकून शिकलेली भाषा अखेर पुस्तकावरून पडताळून बघता आली.

सांगायचा मुद्दा असा, की यंत्रांचा प्रश्न सुटलेला होता. माझ्या संगणकाने खालच्या संगणकाचं दार वाजवलं. त्याने विचारलं, कोण? पुतण्याने माझं नाव सांगितलं. त्याने पासवर्ड विचारला. तोही दिला. (पूर्वी 'पाहुणा' म्हणून बिनपासवर्डाचं आत जाता येत असे, आता नव्या विंडोजमध्ये पाहुण्याला सहसा दारातूनच परत पाठवतात. शहरातले रीतिरिवाज.) फोल्डर उघडलं. बाबांचं अक्षर माझ्या टेबलावर आलं. १९८७ च्या वहीत "सरकी २ पोती" लिहिलेलं होतं आणि त्यातल्या 'स'ला बाबांचा तो नेहमीचा झोका होता. मी बराच वेळ बघत बसलो.

मग 'हिशोब' उघडली, एका ठिकाणी 'सोयाबिन' असं ऱ्हस्व पडलं होतं ते दीर्घ करायला गेलो, आणि यंत्र म्हणालं, नाही. तुम्हाला फक्त वाचायची परवानगी आहे.

आता, मला हिशोबात काहीही लिहायचं नव्हतं. हे मी शपथेवर सांगतो. दादाच्या हिशोबात चूक काढायला चार्टर्ड अकाउंटंट लागेल आणि तोही दमेल. पण जे करायचंच नव्हतं ते आपल्याला करता येत नाही, हे कळल्यावर जे वाटतं त्याला मराठीत शब्द नाही. शब्दकोडं भरलं गेल्यावर त्या पेपरच्या मालकाला जे वाटलं तेच, फक्त उलट बाजूने.

पुतण्या म्हणाला, "काका, पप्पांनी मुद्दाम नाही केलेलं. विंडोजमध्ये फोल्डर शेअर केलं की आपोआप 'फक्त वाचा' असंच येतं. आणि परवानग्या दोन ठिकाणी असतात. एक शेअरची, एक फोल्डरची स्वतःची. दोन्हींतली जी कडक असेल ती लागू." हे दुसरं मला पटकन समजलं. घरात दादाची परवानगी एक असते, वहिनींची एक असते, आणि लागू कुठली होते हे कोणाला सांगायला नको.

पण पहिल्यावर मी अडलो. आपोआप झालं म्हणजे कोणीच केलं नाही, इथपर्यंत ठीक. त्यात कोणाचा अपमान नाही आणि कोणाचा दोष नाही. पण पुतण्याने त्याच संध्याकाळी खाली जाऊन दादाला सांगितलं, "पप्पा, काकांना लिहिता येत नाही, एक टिक करावी लागते." आणि दादा म्हणाला, "बघू." त्या क्षणापासून ते आपोआप राहिलं का? न ठरवता झालेली गोष्ट आपल्याला कळते आणि आपण ती तशीच राहू देतो, तेव्हा ती ठरवलेली होते की नाही? या प्रश्नावर मी आठ दिवस काढले, कारण दादाने आठ दिवस टिक केली नाही.

नवव्या दिवशी जिन्यात भेटला तेव्हा म्हणाला, "तुले दिसते नं सगळं? मंग? काहून पाह्यजे लिवाले?"

याला उत्तर काय देणार? दिसत तर होतंच.

वऱ्हाडातल्या माणसाला खरं म्हणजे या प्रकाराचं नवल वाटू नये. आपला हा बुलढाणा जिल्हा धरून सगळा वऱ्हाड चौऱ्याण्णव वर्षं असाच शेअर केलेला होता. मालक निजाम, १८५३ च्या तहाने कारभार इंग्रजांकडे. तेव्हा निदान दरवर्षी हिशोब दाखवायची अट होती, म्हणजे वाचण्यापुरतं निजामाकडे होतं. १८६० च्या तहात हिशोब मागायचा हक्कही गेला. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने येऊन सालीना २५ लाख रुपयांवर कायमचा पट्टा करून घेतला. आणि १९३६ मध्ये निजामाला मिळालं काय? त्याच्या वारसाला 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी, आणि वऱ्हाडात इंग्रजांच्या निशाणाबरोबर त्याचंही निशाण लागेल असा शब्द. शाळेत हे वाचताना मला तो फार हास्यास्पद वाटला होता. एवढा जगातला श्रीमंत माणूस, त्याला कापसाचा मुलूख गेल्याचं दुःख असेल तर मुलूख मागावा, काठीला लावायचं फडकं कसलं मागतो? आता मला तो माणूस शेजारच्या टेबलावर बसणारा सहकारी वाटतो.

दादाच्या बाजूनेही बोललं पाहिजे, नाहीतर हा निबंध खालच्या मजल्यावर वाचला जाईल. बँकेत मी एखादी नोंद केली की ती माझ्या सहीने पुरी होत नाही. दुसऱ्याने तपासून पास केल्याशिवाय ती पुढे सरकत नाही. करणारा वेगळा, तपासणारा वेगळा. इतक्या वर्षांत मला एकदाही वाटलं नाही, की बँक माझ्यावर संशय घेते. ते सगळ्यांनाच लागू आहे, मॅनेजरलाही. नियम सगळ्यांना असला की टोचत नाही. आणि पुतण्याने सांगितलेली दुसरी गोष्टही खोटी नाही: मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला, इंग्लंडातली इस्पितळं त्याने बंद पाडली, तो याच एसएमबीच्या जुन्या आवृत्तीतल्या भोकातून शिरत होता. अशा व्हायरसाला जिथे लिहायची परवानगी सापडते तिथल्या फाइली तो कुलूपबंद करतो. नुसत्या वाचायच्या परवानगीने त्याला वरच्या संगणकातून खालच्या वह्यांना हात लावता येत नाही. शहाणपण दादाच्याच बाजूला होतं. पण दादाला वॉनाक्राय माहीत नव्हता, आणि मला ते माहीत होतं. आपल्यावर कोणी कडी घालावी आणि ती चोराच्या भीतीने घातली की आपल्या, हे बाहेर उभ्या असलेल्याला आवाजावरून कळतं.

शेवटी कोंडी वहिनींनी फोडली. मी खाली चहाला बसलो होतो. त्या पोळ्या लाटता लाटता दादाला म्हणाल्या, "आत्याबाईंनी लोणच्याच्या बरणीले कुलूप नाही लावलं कधी. तुमचं काय एवढं सोनं आहे त्या डब्ब्यात?" मग माझ्याकडे वळून, "भाऊजी, चहा थंडा होऊन राह्यला." दादा काही बोलला नाही. रात्री पुतण्याचा मेसेज आला, झालं म्हणून.

मी फाइल उघडली. सोयाबीन दीर्घ केलं. आणि मग, आता लिहिता येतंच आहे तर काय लिहावं म्हणून सगळा हिशोब वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचला. बियाणं होतं, खत होतं, फवारणी, काढणी, मळणी, आडत, हमाली. बांधावरच्या बाभळीचे विकलेले फाटेसुद्धा होते. आठवड्यातून तीनदा शेतावर जाऊन येणाऱ्या मोटरसायकलचं पेट्रोल कुठेच नव्हतं. मागची वर्षं बघितली. त्यातही नव्हतं. वाचण्यापुरतं मिळालं होतं तेव्हाही मी हे रकाने बघितले होते, पण तेव्हा मी दुसरंच काहीतरी शोधत होतो.

मी खर्चात एक ओळ वाढवली: 'शेतावरच्या फेऱ्या, पेट्रोल.' रक्कम मला माहीत नव्हती, ती जागा मोकळी ठेवली.

दुसऱ्या दिवशी ओळ नव्हती. मी पुन्हा लिहिली. परवा ती पुन्हा गेलेली. तिसऱ्यांदा लिहिली तेव्हा मात्र ओळ तशीच राहिली आणि रकमेच्या रकान्यात शून्य होतं. एकही पैसा खर्च नाही अशी खर्चाची नोंद, बी.कॉम.च्या तीन वर्षांत असली बाब मला कोणी शिकवली नव्हती. मी शून्य पुसलं आणि महिन्याचे लिटर विचारणारी एक टीप बाजूला घातली, शेवटी प्रश्नचिन्ह देऊन. नावात चालत नसलं तरी आत चालतं.

काल रात्री दहा वाजता फाइल उघडायला गेलो तर यंत्राने अडवलं. म्हणालं, ही फाइल सध्या दुसऱ्या कोणीतरी उघडलेली आहे. तुम्ही फक्त वाचू शकता. जिन्यावरून वाकून बघितलं. खाली दिवा चालू होता.